चार बोटं डावीकडे

द्वारका शेडगे ढोंग करते, असं मला वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे काय झालं ते कळल्यावर, आपण पहिल्यापासून तिच्याच बाजूने होतो असं सगळ्यांना वाटायला लागतं. तिच्या नवऱ्यालाही आता तसंच वाटतं. माझी मात्र तशी सोय नाही, कारण माझा संशय माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे.

द्वारका आमच्या शाळेत सेविका आहे. मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, ती अजून तिथेच आहे. व्हरांड्यात टांगलेल्या जाड पितळी तासावर लाकडी हातोडीने टोले देण्याचं काम तिचं. मध्यंतरी विजेची घंटा बसवली होती, पण ती चालते त्यापेक्षा जास्त वेळ बंद असते. द्वारकाचा टोला ओळखू येतो. पहिला हलका, दार वाजवून आत येऊ का विचारल्यासारखा, आणि मग दोन ठणठणीत. शाळा सकाळची. दुपारी चार वाजता ती माझ्याकडे पोळ्या करायला येते, कारण माझ्या मनगटांनी कणीक मळायचं केव्हाच सोडून दिलंय.

ती कोथरूड गावठाणातली. आमची सोसायटी उभी आहे तिथे तिच्या चुलत सासऱ्यांचं शेत होतं. "तुमची लिफ्ट हाय ना बाई, तितं आमची विहीर होती," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. सांगण्यात तक्रार नव्हती. लिफ्ट अडकली की मात्र म्हणते, "विहिरीत बादली बी अशीच अडकायची."

तिचं वय शेहेचाळीस. बुटकी, रुंद खांद्यांची, शाळेची निळी साडी घोट्याच्या वर नेसणारी, म्हणजे जिन्यात पाय अडकत नाही. तिची एक सवय मात्र नीट सांगायला हवी. तिला काहीही विचारलं तरी आधी "हो" येतं. शाळेत मुख्याध्यापिका हाक मारतात, शिक्षक मारतात, ऑफिसातले लेखनिक मारतात, आणि सेविकेने सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं असतं. अठरा वर्षं ते दिल्यावर जीभ आपोआप तिकडेच वळते. या "हो"ने किती घोटाळा केला ते मला फार उशिरा कळलं.

पोट दुखायला लागलं त्याला सहा वर्षं झाली. परीक्षेसाठी बाकं हलवत होती, एकटीच एक बाक उचलायला गेली आणि डाव्या बाजूला कळ आली. ती कळ गेलीच नाही. कधी मंद, कधी सुरी फिरवल्यासारखी. पहिल्या डॉक्टरांनी गॅस म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी ॲसिडिटी. तीन वेळा सोनोग्राफी झाली, एकदा तोंडातून दुर्बीण घातली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल हा शब्द ऐकून इतरांना हायसं वाटतं. द्वारकाला तो चोरी पकडल्यासारखा वाटे. एका डॉक्टरांनी घरात काही टेन्शन आहे का विचारलं. ती म्हणाली, "हाय की. पोट दुखतंय त्याचं." त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

घरात आपापले अंदाज होते. सासू बायडाबाईंना खात्री होती की शेजारच्या कुणाची तरी नजर लागली आहे. त्यांनी मोहरी-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. त्या धुराने द्वारकाला असा ठसका लागला की पोट धरून ती खालीच बसली. बायडाबाई म्हणाल्या, बघा, लागलीच होती. नवरा सर्जेराव एका सोसायटीत सुरक्षा रक्षकांचा सुपरवायझर. त्याचा रोख डॉक्टरांवर. "हे एकमेकाकडं धाडत्यात," तो म्हणायचा, "रोग कुणालाच नको, पेशंट सगळ्यांना पायजे." शाळेतली कुजबुज मला जुन्या सहकाऱ्यांकडून कळे, ती वेगळीच होती, की परीक्षा जवळ आल्या, बाकं हलवायची वेळ झाली, की बरोबर द्वारकाबाईंचं पोट दुखतं.

या कुजबुजीवर मी विश्वास ठेवला. त्याला कारण होतं. बत्तीस वर्षं पाचवी ते सातवीचे वर्ग सांभाळल्यावर पोटदुखी हा विषय माणसाला पाठ होतो. चाचणीच्या दिवशी पोट दुखणारी निदान शंभर मुलं मी पाहिली असतील. त्यासाठी माझी एक पद्धत होती. मुलाला म्हणायचं, एका बोटाने दाखव कुठे दुखतंय. मग दुसरंच काही बोलायचं. घरी मांजर आहे का, डब्यात काय आणलंय. पाच मिनिटांनी परत विचारायचं. ज्याचं खरंच दुखतंय त्याचं बोट होतं तिथेच जातं. बाकीच्यांचं भटकतं. मी कुणाला रागावत नसे. भटकलेल्या बोटाला गोड हसून वर्गात परत पाठवत असे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी द्वारकाने अर्धी कणीक मळून परातीत सोडली. "आज न्हाई व्हायचं बाई," म्हणाली आणि गेली. मी गॅलरीत उभी राहिले. खाली भाजीच्या गाडीशी ती कुणाशी तरी बोलत होती, आणि हसत होती.

त्या संध्याकाळी मी शाळेच्या वेळची एक अर्धी कोरी वही काढली आणि लिहिलं: "द्वारका पोट दुखतं म्हणून कणीक टाकून गेली. दहा मिनिटांनी भाजीवाल्याशी हसत उभी. दुखणं कुठे गेलं?"

मग मी रोज लिहू लागले. तिला सांगितलं नाही. ती ओट्याशी उभी असे, मी जेवणाच्या टेबलाशी पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसे, आणि कोड्याखाली वही असे. एखाद्यावर संशय असला की तो काय म्हणतो यापेक्षा कुठे चुकतो ते आपण पाहतो. म्हणून मी विशेषकरून तिचं पोट कधी दुखत नाही ते टिपत होते.

"आज शाळेतून उपाशी आली. दुखत नाही म्हणाली." "आज माझ्याकडे दोन पोळ्या खाल्ल्या. नंतर अर्धा तास पाहिलं. काही नाही." "एकादशीची खिचडी खाल्ली, वर चहा. काही नाही." "पाळी सुरू आहे असं आपणहून म्हणाली. पोटाचं नाव नाही." "फोडणीचा ठसका लागला. पोट धरलं." "खालच्या कप्प्यातला मोठा कुकर काढताना चेहरा बदलला. मी पाहतेय हे तिला माहीत नव्हतं." तिसऱ्या पानावर, वैतागाच्या एका दिवशी, नुसतं एवढंच आहे: "ढोंगी."

बोटाची पद्धतही वापरली. पोळ्या झाल्यावर सहज विचारायचं, "कुठे गं दुखतं नक्की?" तिने साडीवरूनच हाताची चार बोटं आडवी बेंबीशी लावली, बेंबीच्या डावीकडे, आणि तिथून दोन बोटं खाली मोजून एक बोट टेकवलं. शिंपी माप घेतो तसं. मग मी उत्कर्षाच्या नोकरीबद्दल विचारलं. उत्कर्षा म्हणजे तिची मुलगी, हिंजवडीला एका कंपनीत लागली आहे. बोलणं रंगल्यावर मध्येच परत, "कुठे म्हणालीस?" पुन्हा चार बोटं डावीकडे, दोन बोटं खाली. मी आठवड्यातून दोनदा विचारत असे, कधी ओट्याशी, कधी दाराशी चपला घालताना. एकदा तर ती घाईत होती, पर्स डाव्या हातात होती, तरी उजव्या हाताने तीच जागा.

वहीत पहिल्यांदा मी लिहिलं, "जागा पाठ केलेली दिसते." पाचव्यांदा लिहिलं, "आजही तिथेच." त्यानंतर प्रत्येक वेळी एवढेच दोन शब्द आहेत. अकराव्या वेळी मी ते लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. ढोंग करणारी व्यक्ती अकरा वेळा बरोबर येत नाही, कधीतरी कंटाळते. हे मला कळलं होतं. तिला सांगायला हवं होतं, पण मी सांगितलं नाही. सांगायचं तर आधी वहीबद्दल बोलावं लागलं असतं.

एप्रिलच्या शेवटी द्वारका आली ती परात न काढता तशीच उभी राहिली.

"तारीख दिली बाई. पुढच्या सोमवारी."

"कसली तारीख?"

"पिशवी काढायची."

सर्जेरावच्या ओळखीने ती एका नर्सिंग होममध्ये दाखवायला गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी फाईल चाळली. गर्भपिशवीला थोडी सूज असेल, वय झालंय, मुलं झाली आहेत, आता तिचा उपयोग काय, काढून टाकू म्हणजे प्रश्न मिटला, असं सांगितलं. शाळेला मेमध्ये सुट्टी. घरच्या सगळ्यांना पटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी करतो म्हणालं होतं. सर्जेरावने तिला जिना चढायला नको म्हणून खालच्या खोलीत पलंग आणून टाकला, नवी गादी घातली. डॉक्टरांवर सहा वर्षं संशय घेणारा माणूस, पण बायको रोज पोट धरून बसलेली बघून त्याचाही धीर सुटला होता.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

तिने तळहात बेंबीखाली मधोमध ठेवला. "पिशवी हितं असती. माझं दुखतंय हितं." बोट बाजूला गेलं, चार बोटं डावीकडे. "मग हितलं दुखणं जायला तितली पिशवी का काढायची? विचारलं मी डॉक्टरला. ते म्हणाले, तुम्हाला कळतंय का मला?"

"मग?"

"मी म्हटलं, हो." मग ती म्हणाली, "बाई, तुम्हाला काय वाटतं?"

वही कोड्याखाली होती. तिच्यात पुन्हा पुन्हा जे लिहिलं होतं ते मी मोठ्याने म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "त्यांना जास्त कळतं, द्वारका." ती "हो" म्हणाली आणि परात काढली.

उत्कर्षा मात्र आईसारखी हो म्हणणारी नाही. तिने घरी सांगितलं, "मम्मी, मशीन बदलायचं असलं तरी दोन ठिकाणी विचारतो आपण. सेकंड ओपिनियन घे." तिने फोनवरूनच एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात गुरुवारची वेळ घेतली. सर्जेराव कुरकुरला, पण त्या दिवशी रजा टाकून निघाला. आणि बुधवारी द्वारका मला म्हणाली, "बाई, तुम्ही बी चला. तुमचं बोलणं ऐकत्यात लोक."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

गुरुवारी आम्ही तिघं रिक्षाने निघालो. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी द्वारकाचा हात त्या जागेवर जाऊन दाबून बसे, रिक्षा उतरली की सुटे. सर्जेराव पुढे वाकून चालकाला सांगत होता, "हळू घ्या, पेशंट हाय." मी मनातल्या मनात नोंद केली. सवय.

केसपेपर काढून, दीड तास बाकावर बसून, आमचा नंबर आला. डॉक्टर दीपाली रणपिसे तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, डोळ्यांखाली जागरण दिसणाऱ्या. त्यांनी फाईल उघडली आणि म्हणाल्या, "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत."

द्वारकाने माझ्याकडे पाहिलं नाही.

"गॅसचं हाय मॅडम मूळ," सर्जेरावने सुरुवात केली, "म्हणजे आधी गॅस..."

"त्यांना बोलू द्या. तुम्ही बसा." मग द्वारकाला, "झोपा इथे. पोट सैल सोडा." त्या एका हाताने पोट दाबून पाहू लागल्या. "इथे दुखतं?"

"हो."

"इथे?"

"हो."

"आणि उजवीकडे? इथे?"

"हो."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. भटकलेलं बोट पाहिल्यावर माझ्या चेहऱ्यावर तेच यायचं. रागाचं काही नव्हतं त्यात. उलट माया होती, आणि कंटाळा होता. त्या टेबलाकडे वळल्या आणि लिहायला लागल्या.

द्वारका उठली. ती कधीच सरळ उठत नाही. आधी उजव्या कुशीवर वळते, मग हात टेकून बसते. उठली, पायात चपला घातल्या, पर्समधून एक वही काढली आणि डॉक्टरांच्या लिहित्या हाताशी ठेवली. वहीवर आमच्या शाळेचं नाव होतं. ती माझ्या टेबलावरून गेल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"हे वाचा."

"काय आहे हे?"

"ह्या बाईंनी लिवलंय. दोन महिनं. भाजी निवडताना पेपराखाली घावली मला परवा." तिचा आवाज वर गेला नाही. "त्यांचा माझ्यावर इश्वास न्हाई. मी ढोंग करती म्हणून पकडायला लिवलंय. माझं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाई कुरकुरी हाय. यांना तर मी खोटी पायजे होते. तरी बी त्यात जे असंल ते खरं असंल."

सर्जेराव माझ्याकडे बघू लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. कुठल्याशा गोळ्यांची जाहिरात होती.

बाहेर अजून चाळीसेक माणसं होती. डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. वाटलं, आता वही मिटतील. पण त्या मागे गेल्या आणि परत पहिल्यापासून वाचू लागल्या, बोट ठेवून.

"उपाशी असताना दुखत नाही. जेवल्यावर दुखत नाही. पाळीत दुखत नाही. ठसका लागला की दुखतं, कुकर उचलताना दुखतं. हे खरं आहे?"

"खरं हाय."

"मग मघाशी मी विचारलं तेव्हा सगळीकडे हो का म्हणालात?"

द्वारकाने वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्हाई म्हटलं की घरी पाठवत्यात."

डॉक्टरांनी पेन बंद केलं. "सहा वर्षं सगळीकडे हो म्हणत आलात?"

"हो," द्वारका म्हणाली, आणि सर्जेराव खाली बघू लागला.

"ही जी दुखत नाही म्हणून लिहिलेली वाक्यं आहेत ना," डॉक्टर वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "तीच तुमच्या फाईलमध्ये कुठे नाहीत. परत झोपा. आता मी विचारणार नाही. तुम्ही दाखवा, एका बोटाने."

चार बोटं डावीकडे, दोन बोटं खाली. डॉक्टरांनी आपलं बोट बरोबर तिथे टेकवलं. "आता हात छातीवर घ्या, आणि उशीवरून फक्त डोकं उचला."

द्वारकाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी दोन महिन्यांत एकदाही ऐकला नव्हता. डोकं खाली ठेवायला लावलं, बोट तिथेच, दुखणं कमी. पुन्हा डोकं उचललं, पुन्हा तसंच. मग डॉक्टरांनी तेच बोट पोटाच्या उजव्या बाजूला दाबलं आणि डोकं उचलायला सांगितलं. "इथे?" द्वारकाचे ओठ हलले. तिला किती जड गेलं ते मला दिसत होतं.

"न्हाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. पोटाच्या भिंतीत स्नायू असतात, त्यांतून बारीक नसा बाहेरच्या कातडीकडे येतात. त्यातली एखादी नस स्नायूत चिमटल्यासारखी अडकते. स्नायू ताणला की ती जास्त चिमटते, म्हणून खोकल्याने, वजन उचलल्याने, उठताना कळ येते. दुखणं आतल्या अवयवाचं असतं तर पोट ताणल्यावर स्नायूंच्या आड गेलं असतं, वाढलं नसतं. सोनोग्राफीत हे सहसा दिसत नाही. "आम्ही झोपवतो, पोट सैल सोडा म्हणतो आणि दाबतो," त्या म्हणाल्या. "सैल सोडलं की हे लपतं."

मग त्यांनी त्याच जागी भुलीचं छोटं इंजेक्शन दिलं आणि बाहेर बसायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी आत बोलावलं. "झोपा. आता उठा."

द्वारका सरळ उठली. कुशीवर वळली नाही. उठून बसल्यावर तिने आपल्या पोटाकडे असं पाहिलं, जसं कुणीतरी तिच्या घरातली वस्तू न विचारता हलवली आहे.

"हे भुलीमुळं वाटतंय," ती म्हणाली. "खरं न्हाई."

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "भुलीमुळेच वाटतंय. पण भूल दिली ती एवढ्याशा जागेत. दुखणं आत कुठे असतं तर तेवढ्याने थांबलं नसतं. ही उतरेल, परत दुखेल. अजून तीन-चार वेळा द्यावं लागेल. काहींचं त्याने जातं, काहींना छोटी शस्त्रक्रिया लागते. तुमचं जाईलच असं मी आज सांगत नाही."

मला वाटतं, या शेवटच्या वाक्याने द्वारकाचा थोडा विश्वास बसला.

"आन पिशवी?"

"पिशवीचा याच्याशी संबंध मला दिसत नाही."

"लिवून द्या," द्वारका म्हणाली. डॉक्टरांनी केसपेपर ओढला. "मराठीत," ती म्हणाली. "मला वाचता येईल असं." डॉक्टरांनी मराठीत लिहिलं, सहीसकट. द्वारकाने ते तिथेच उभं राहून पूर्ण वाचलं. बाहेर लोक चुळबुळत होते. तिने एक शब्द नीट लागला नाही म्हणून परत लिहून घेतला.

बाहेर आल्यावर सर्जेराव म्हणाला, "सहा वर्षं एवढ्या मोठमोठ्यांना कळलं न्हाई, आन हिला दहा मिनटांत कळलं. मला काय हे खरं वाटत न्हाई."

"तुमाला काय खरं वाटतंय?" द्वारका म्हणाली. "गॅस?"

सर्जेराव तिथून परस्पर कामावर गेला. परतीच्या रिक्षात आम्ही दोघीच. पहिल्या गतिरोधकाला तिचा हात सवयीने पोटावर गेला, आणि रिक्षा उतरल्यावर तिने तो हळूच उचलून बाजूला ठेवला. मी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली.

"ढोंगी लिवलंय. तिसऱ्या पानावर."

"हो."

"खोडलं न्हाई तुम्ही."

"नाही खोडलं."

"बरं केलं. खोडलं असतं तर डॉक्टरला वाटलं असतं मागनं केलंय काहीतरी." ती बाहेर पाहत राहिली. "भाजीवाल्याशी हसत होते म्हणून लिवलंय. तो इचारत होता, पोट कसंय? मी म्हटलं, बरं हाय. आता त्याला काय रडून सांगायचं का?"

मी तिची क्षमा मागितली. ती "हो" म्हणाली. हे "हो" कोणतं, ते मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी ती नर्सिंग होममध्ये गेली, ऑपरेशनला नव्हे, सांगायला. सर्जेराव म्हणत होता, फोन करू. ती म्हणाली, फोनवर माझ्या तोंडून हो निघेल. खिडकीपाशी बसलेल्या मुलीने विचारलं, मग पुढची तारीख देऊ का? द्वारका म्हणाली, "आधी कारण लिवून द्या. कशासाठी काढायची ते. मग तारीख बघू." मुलगी आत गेली, बाहेर आली, म्हणाली डॉक्टर कामात आहेत. द्वारका बाकावर बसून राहिली. दीड तासाने ती उठून आली. कागद मिळाला नाही. तिला तो मिळेल असं वाटलंही नव्हतं. त्याच दुपारी चार वाजता माझी बेल वाजली, आणि तिने परात काढली.

याला आता काही महिने झाले. तीन इंजेक्शनं झाली. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पूर्वी रोज होतं, आता आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी डोकं वर काढतं. शाळेत बाकं हलवताना ती दुसऱ्या माणसाची वाट पाहते, आणि तो आला नाही तर बाक तिथेच राहतो. सर्जेराव भेटला की म्हणतो, "मी पहिल्यापासनं म्हणत होतो बाई, पिशवीचं न्हाई." खालच्या खोलीतल्या नव्या गादीवर आता बायडाबाई झोपतात.

वही द्वारकाने परत दिलेली नाही. उरलेल्या कोऱ्या पानांवर आता ती स्वतः लिहिते. इंजेक्शनला जाताना बरोबर नेते. परवा ती माझ्यासाठी दूध आणायला खाली गेली होती, वही ओट्यावर उघडी होती, आणि मी वाचली. तिच्याच पद्धतीने, न विचारता. अक्षर मोठं, ठाशीव, शाळेच्या फळ्यावरच्या सूचनेसारखं.

"आज डॉक्टर घाईत होत्या. सुईच्या आधी बोटाने बघितलं नाही. मी सांगितलं, आधी बघा. बघितलं."

"नर्स म्हणाली एवढं काय लिवता. मी म्हटलं, तुम्ही पण लिवता की."

"नवरा म्हणतो पहिल्यापासून माझ्या बाजूने होता. तारीख लिवून ठेवली."

आणि सगळ्यात शेवटी, आदल्या दिवशीची एक ओळ माझ्याबद्दल होती. "बाईंनी विचारलं, आज पोट कसं आहे. नुसतं विचारलं का परत तपासलं, अजून कळत नाही. बघू."